छातीत धरलेला धूर

परवा हॉस्पिटलात सुन्याला भेटायला गेलो. उशाशी टांगलेल्या त्याच्या शर्टाला सिगरेटचा वास येत होता. त्या वासाने मला थेट लालबागच्या आमच्या कबड्डीच्या मैदानात नेऊन सोडलं.

आम्ही सोळा वर्षांचे होतो. प्रॅक्टिसनंतर व्यायामशाळेच्या मागे मी माझी सिगरेट सुन्याच्या हातात दिली. त्याच्या गुडघ्यांना अजून लाल माती चिकटलेली होती.

"धूर छातीत धरून ठेव, मी वीसपर्यंत मोजतो. चढाईत दम तुटणार नाही बघ."

"कोण बोललं?"

"सगळे सीनियर असंच करतात."

कोणीच तसं करत नव्हतं. एकट्याने ओढायची भीती वाटायची, म्हणून मी ते तिथल्या तिथे रचलं होतं. पण मी कॅप्टन होतो. सुन्याने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत धूर धरला, वीस पूर्ण केले आणि खोकत खोकत हसला. मला केवढा अभिमान वाटला होता!

पुढे नोकरीच्या मेडिकलला घाबरून मी सिगरेट सोडली. त्याला खरं सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

परवा सिस्टर त्याला म्हणाली, "काका, श्वास धरा, मी मोजते." चारवरच सुटला. धापा टाकत त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि कौतुकाने म्हणाला, "सिस्टर, हा आमचा कॅप्टन. दम धरायला यानेच शिकवलं मला."