शिक्क्यावरचं कुंकू
शिक्क्याच्या शाईचा वास आला की आठवतं, आमच्या घरात शाई फक्त अंगठ्यालाच लागायची. आईबाबा परतवाड्याला भाजी विकायचे. घरातली पहिली इंजिनिअर मी. माझा नवा शिक्का आईनं विळ्याशेजारी मांडून कुंकवानं पुजला. अकोल्यातल्या फ्लॅट स्कीमचं माझं पहिलंच काम. मंजुरीसाठी महापालिकेतल्या साहेबांसमोर नकाशावर शिक्का मारला, तर माझा परवाना क्रमांकच कुंकवाच्या लाल डागात बुडाला. साहेब म्हणाले, "मॅडम, शिक्का आनला का देव्हारा? नवी प्रत आना." बिल्डर पुटपुटला, "उद्या नाही झालं तं दुसरा इंजिनिअर पायतो." घरी आई म्हणाली, "विळ्याले लावतो, मंग याले काहून नाही?" पण तिनंच ब्रशनं रबर घासलं आणि कुंकू शिक्क्याच्या मुठीला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच शिक्क्यावर नकाशा मंजूर झाला. आज त्या इमारतीत माणसं राहतात.