बांधावरचा ऐन
राब भाजल्याचा धूर नाकात शिरला की मला टाकव्याच्या बांधावरचा तो ऐन दिसतो. मी लग्न होऊन नुकतीच त्या घरात आले होते, आणि झाड कुणाचं यावरून माझे सासरे आणि शेजारच्या शेताचे आबा तीन वर्षं भांडत होते. आबांच्या भातावर सावली पडायची, म्हणून त्यांना ते मुळापासून तोडायचं होतं. आम्हाला रोपं टाकायच्या जागेवर जाळायला, म्हणजे राबाला, त्याचा पाला हवा होता. पण एकाने कोयता लावला की दुसरा काठी घेऊन धावायचा. त्या सकाळी दोघं कुऱ्हाडी घेऊनच समोरासमोर उभे राहिले, आणि न्याहारी घेऊन गेलेल्या माझी जीभ सुटली. पदर सावरत मी म्हणाले, "आबा, तुमास्नी सावली नगं, आमास्नी पाला पायजे. मग फांद्या तुमीच उतरवा की! लाकूड तुमच्या चुलीला, पाला आमच्या राबाला. खोड तेवढं ऱ्हाऊ द्या, म्हंजी पुढल्या साली बी दोघांस्नी मिळंल." सासऱ्यांनी डोळे वटारले. आबा मात्र झाडाकडे बघत म्हणाले, "म्हंजी मी जेवढं तोडीन तेवढं तुमचंच भलं? लय बेरकी सून आणलीस रं!" आणि चढलेच वर. दुपारी ऐन बोडका झाला, तरी सासरे खालून ओरडत होते, "आबा, ती शेंड्याची फांदी ऱ्हायली बगा!" आज दोघंही नाहीत. ऐन तिथेच उभा आहे, आणि तो कुणाचा असं विचाराल, तर तो माझा.