एकाच यादीच्या दोन प्रती

हम्फ्री स्कल्थॉर्पने आयुष्यभर दुसऱ्यांची छपरं शाकारली आणि कुणालाही कधी नाही म्हटलं नाही. अशा माणसावर सोळाशे बेचाळीस सालची कॉन्स्टेबलकी येऊन पडली. वरून आलेले हुकूम गावात पाळायला लावायचं हे काम आमच्याकडे पाळीने घरोघर फिरतं. पगार नाही, वर्षभर नुसत्या शिव्या. त्याच्यानंतरची पाळी माझ्या घराची. मी विधवा, बार्लीची बिअर करून विकते. पण पाळी घराची असते, बाई-पुरुष बघत नाही. म्हणून माझं त्याच्याकडे बारीक लक्ष होतं.

राजा आणि पार्लमेंट यांचं फाटून दोन वर्षं होत आली होती. कर, प्रार्थना, सैन्य कुणाच्या हातात, एकेक भांडण लेस्टरच्या बाजारातून यायचं. आम्ही ऐकायचो आणि मेंढ्यांकडे वळायचो. पण त्या उन्हाळ्यात लोहाराकडे विळे पडून राहिले आणि भाल्यांची पाती आधी होऊ लागली. मला ते मुळीच आवडलं नाही.

जूनमध्ये एकाच आठवड्यात दोन हुकूम आले. राजाचा लॅटिनमध्ये, पार्लमेंटचा छापील, आपल्या भाषेत. मागणी एकच: सैन्यासाठी सोळा ते साठ वयाच्या धडधाकट पुरुषांची यादी द्या.

"पाद्रीबाबा, लॅटिन काय म्हणतंय?" हम्फ्रीने विचारलं.

"दुसऱ्याचं ऐकाल तर राजद्रोह."

"आणि हे छापील?"

"तेही तेच म्हणतंय."

तो माझ्याकडे येऊन बसला. मी म्हटलं, "सप्टेंबर अखेर सुटशील. तोवर आजारी पड."

"आणि हे लोढणं तुझ्या गळ्यात घालू?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

"एकच यादी दोघांना देतो," तो म्हणाला. "छपराला दोन्हीकडे उतार असतो, म्हणून तर टिकतं."

"दोन्ही डगरींवर हात ठेवणारा बुडतो, बाबा."

पण त्याचं ठरलं होतं. पाद्रीबाबा लिहायला बसले. कॉन्स्टेबलने आपल्या घरचा माणूस आधी लिहायचा, ही आमची रीत. म्हणजे गावाला बोलायला जागा राहत नाही. हम्फ्रीला मुलगा नव्हता. घरात होता तो जावई, टोबायस. हम्फ्रीची मुलगी प्रुडन्स सात महिन्यांची पोटुशी.

"अहो, जावयाचं नाव पहिलं?" त्याची बायको डॉर्कस कडाडली. "निदान मधे कुठे तरी घाला!"

"मधे घातलं तर लोक म्हणतील, लपवला."

टोबायस हसला. "लिहा मामा. यादीत नाव आलं म्हणून कुणी मरतं का? आमचे आजोबा जन्मभर यादीत होते. गेले ते अजीर्णाने."

हम्फ्रीने दोन्ही कागदांवर आपली खूण केली आणि दोन्ही पोचवले.

जुलैत एका रविवारी आम्ही चर्चमधून बाहेर पडलो, तर राजाचे वीसेक घोडेस्वार दारात उभे. रविवारी सगळे पुरुष एका जागी सापडतात, हे त्यांना ठाऊक होतं. पार्लमेंटवाल्यांनाही ठाऊक होतं. ते गिरणीच्या वाटेने पाठोपाठ आले. कुणीच तलवार उपसली नाही.

राजाच्या कप्तानाने कागद उलगडला. "टोबायस वेन."

"तो आमचा," पार्लमेंटचा कप्तान म्हणाला आणि त्यानेही कागद काढला. "इथंही पहिलाच."

हम्फ्री धावत मधे गेला. "साहेब, खूण माझी आहे. मला न्या."

"वय?"

"एकसष्ट."

"मग तू यादीत नाहीस. बाजूला हो."

टोबायसने दोन्ही कप्तानांकडे पाहिलं. आता तो हसत नव्हता. "मामा, कुणाकडे जाऊ?"

एकाकडे जावं तर दुसऱ्याचा द्रोही. प्रुडन्स पोटावर हात धरून पायरीवर उभी होती. हम्फ्री ओरडला, "पळ!"

टोबायस चर्चभोवतीच्या कबरस्तानाच्या भिंतीकडे धावला. दोन्ही कागदांवर तो आता पळपुटाच होता. दोन्हीकडून पिस्तुलं उडाली आणि तो भिंतीवरून आतच मरून पडला.

कुणाची गोळी लागली, यावर गाव अजून भांडतं. राजाचे म्हणतात पार्लमेंटची, पार्लमेंटचे म्हणतात राजाची. कुणी हम्फ्रीला विचारलं, तर तो म्हणतो, "माझी."