आप्पासाहेबांची धुपारती

भोरच्या बाजारात उदाचा वास आला आणि परवाच वाचलेलं जुनं रोम आठवलं. तिथे ऊद देवापुढे जाळत, चितेवर जाळत आणि सम्राटाच्या पुतळ्यापुढेही चिमूटभर टाकत. पुतळ्याला वास येतो का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

फार वर्षांपूर्वीचे आमचे सरपंच आप्पासाहेब मात्र जिवंतपणीच धूप घ्यायला बसले होते. भाटघरच्या पाण्याकाठच्या आमच्या गावात त्यांचा सत्कार होता. माझ्या आत्याचं अंगणवाडीतलं काम काढून त्यांनी नुकतंच आपल्या सुनेला दिलं होतं. वर धूप फिरवायचा निरोपही आत्यालाच धाडला, म्हणजे तिची खाली गेलेली मान सगळ्या गावाला दिसावी.

आत्या धुपाटणं घेऊन शांतपणे मंचावर चढली. निखाऱ्यांवर तिने आधी ऊद टाकला, मग पदरातल्या मूठभर सुक्या मिरच्या. सगळा मंच खोकू लागला. आप्पासाहेबांचा फेटा सुटून गळ्यात आला.

"काय टाकलंस गं?"

"दृष्ट काढली, आप्पा. दृष्ट असती तर मिरचीचा ठसका लागला नसता. एवढा लागला म्हंजी तुमचा हेवा करणारं गावात कुणीच न्हाई."

भाषण झालंच नाही. आत्याचं कामही परत मिळालं नाही. सून त्याच अंगणवाडीतून हारतुरे घेऊन निवृत्त झाली. त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. आता वाटतं, आत्याने मिरच्या फार कमी टाकल्या.