तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा

वर्षभर मी सांगत होते की फाइलमध्ये आवाज मागं राहतोय. कुणी विश्वास ठेवला नाही. नवरा म्हणाला, "तुला सगळ्यातच खोट दिसते." आमचा कानडी कॉम्प्युटरवाला इरण्णा म्हणाला, "अक्का, तसं काही नसतं री." आणि माझी सख्खी मोठी बहीण तर त्या आवाजापायी माझ्याशी बोलायची थांबली. मी शिकले चौथीपर्यंत. चौथी शिकलेल्या बाईला कान नसतात असं या लोकांना वाटतं.

दाजीबानपेठेत आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. हे कॅमेरा घेऊन फिरायचे, इरण्णा आत कॉम्प्युटरवर बसायचा, आणि गिऱ्हाईक, तक्रारी, भांडणं माझ्या वाटणीला. असल्या दुकानात किस्से शोधत जावं लागत नाही. लग्न एका दिवसात उरकतं, त्याच्या तक्रारी वर्षभर येत राहतात. नावं बदलून सांगते, कारण माणसं अजून हुबळीतच आहेत.

* * *

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, मग डीव्हीडी आली. जरा स्थिरस्थावर होतोय तोवर लोकांच्या हातात व्हिडिओ दिसणारे फोन आले, आणि जो तो लग्नाची डीव्हीडी घेऊन यायला लागला, "हे फोनमध्ये घालून द्या." डीव्हीडी तशीच फोनमध्ये जात नाही. तिची फाइल दुसऱ्या जातीची करून द्यावी लागते. इरण्णानं त्यासाठी इंटरनेटवरनं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

"केवढ्याला पडलं?" मी विचारलं.

"फुकट आहे री अक्का."

"फुकट का?"

"तसंच देतात. कुठली कुठली माणसं बसून करतात आणि वाटतात."

"या पेठेत नमुन्याला कापड मागितलं तर दोन बोटांची चिंधी देतात, तीसुद्धा तोंड वाकडं करून. फुकट देणाऱ्याला काय पाहिजे ते आधी विचारून घे."

इरण्णा हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर वरच्या बाजूला तीन नव्या पट्ट्या, कोपऱ्यात एक घड्याळ आणि मधोमध पत्त्यांचा खेळ. मी इरण्णाच्या मागं जाऊन उभी राहिले.

"ते मध्ये विचारत होतं री," इरण्णा म्हणाला. "नको म्हणायचं राहिलं."

"बघ. पाहुणा आला तो पोरंबाळं घेऊन आला."

* * *

देशपांडे नगरातले एक वकील लेकीच्या लग्नाची डीव्हीडी देऊन पेनड्राइव्हवर फाइल घेऊन गेले. चौथ्या दिवशी कोर्टातनं थेट दुकानात, अंगात काळा कोट तसाच.

"बाई, माझ्या मुलीचं लग्न झालं की नाही?"

"झालं की. मी जेवून आले."

"मग पुरावा दाखवा."

फाइल लावली. मंगलाष्टकं चाललेली, अंतरपाट धरलेला, आणि तिथंच सगळं बंद. डीव्हीडीत एकच लग्न चार तुकड्यांत भरलेलं असतं. इरण्णानं पहिला तुकडा तेवढा घेतला होता.

"आत्ता जोडून देतो री, दहा मिनिटं बसा," इरण्णा म्हणाला.

"सावकाश," वकील म्हणाले. "जावई चार दिवस पलीकडं उभा आहे. अजून दहा मिनिटं उभा राहील."

त्या दिवशी मला आमच्या दुकानाची रीत कळली. इरण्णा कुठल्याही फाइलची पहिली दोन मिनिटं बघायचा आणि देऊन टाकायचा. म्हटलं, "शितावरनं भात कळतो रे, लग्न कळत नाही." तेव्हापासून काउंटरवर बसल्या बसल्या मी प्रत्येक फाइल शेवटापर्यंत बघायला लागले. नवऱ्याला वाटलं मला लग्नं बघायची हौस आहे.

* * *

मग इरण्णानं दुसरं एक सॉफ्टवेअर आणलं. हेही फुकट. यानं काम चोख केलं, पण प्रत्येक फाइलच्या मधोमध स्वतःचं नाव इंग्रजीत छापून ठेवलं. नवरी जवळून दाखवली की नाव बरोबर तिच्या कपाळावर यायचं.

आमच्याच ओळीतले कापडदुकानवाले अण्णा नातवाच्या लग्नाची फाइल घेऊन तणतणत आले. "ही कोण कंपनी? आमच्या नातसुनेच्या कपाळावर हिचं काय काम? ना हिनं आहेर केला, ना ही जेवायला आली."

मी म्हटलं, "अण्णा, फुकटचं आहे, म्हणून ते नाव घालतात."

अण्णांनी दाराकडं बघून घेतलं. मग काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तिथं नाव घालता येतं होय? मग आमच्या दुकानाचं घाल की."

* * *

विद्यानगरच्या एका मास्तरांची गोष्ट जरा अवघड होती. पुतण्याच्या लग्नाची फाइल आमच्याकडनं नेली, त्यात त्यांची लग्नाची मुलगी छान दिसत होती, म्हणून धारवाडच्या एका स्थळाला तीच पाठवून दिली. स्थळाची माणसं बघायला आली. उप्पीट झालं, चहा झाला, मुलगी बाहेर आली आणि मुलाची आई म्हणाली, "ही ती नव्हे."

झालं होतं असं की फाइल करताना चित्र दोन्ही बाजूंनी चेपलं गेलं होतं. त्यात सगळी माणसं शेवग्याच्या शेंगेसारखी. पण हे मास्तरांना कुठलं माहीत? फसवलंत म्हणून ती माणसं उठायला लागली. मास्तर त्यांना तसेच रिक्षात घालून आमच्या दुकानात घेऊन आले, साक्षीला.

मी म्हटलं, "भांडू नका. फाइल लावते. त्यात तुमच्या ओळखीचं आणखी कुणी दिसतंय का बघा."

मुलाचा बाप त्या लग्नाला आलेला निघाला. पडद्यावर तो उंच, शेलाटा, पोट नाही, गाल नाहीत. दुकानात उभा होता तो आडवा होता. त्याची बायको पडद्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आपल्या लग्नात तुम्ही असे होता हो."

त्या माणसानं दोन वेळा पडद्याकडं बघितलं, एकदा स्वतःच्या पोटाकडं. मग मास्तरांना म्हणाला, "मुलगी पसंत आहे." आणि माझ्याकडं वळून, "ती फाइल मात्र दुरुस्त करू नका."

* * *

आता आवाजाचं.

मी फाइली शेवटापर्यंत बघत होते ना, त्यात एकदा नवरी उंबऱ्यावर आली, पायानं माप लवंडलं, तांदूळ सांडले, आणि आवाजच नाही. नवरी आत गेली, देवापुढं वाकली, आणि तेव्हा कुठं माप पडल्याचा टण्ण आवाज आला. मी इरण्णाला बोलावलं. त्यानं सवयीप्रमाणं सुरुवातीची दोन मिनिटं लावली.

"बरोबर आहे की अक्का."

"सुरुवातीला सगळ्यांचंच बरोबर असतं. शेवट बघ."

"हॉल मोठा असतो री. आवाज घुमतो."

"घराच्या उंबऱ्यावर कसला हॉल?"

त्यानं ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "गिऱ्हाईक काही बोलत नाही, तुझंच काय मध्ये?"

गिऱ्हाईक कसं बोलेल? लोक लग्नाच्या फाइलीत मंगलाष्टकांपर्यंत बघतात. शेवटची पंगत कोण बघतं? पण फाइल जितकी पुढं जाईल तितका आवाज मागं पडत होता, हे मी चार फाइलींत बघितलं. माझ्या घरावर येईपर्यंत मलाही तो नुसता दुकानातला घोळ वाटत होता.

* * *

मंजू ही माझ्या ताईची एकुलती लेक. माझ्याच मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल. तिचं लग्न जमायला सात वर्षं लागली. आलेलं प्रत्येक स्थळ उप्पीट खाऊन जायचं आणि निरोप पाठवायचं नाही. शेवटी गदगचं घर मिळालं. शूटिंग आमचंच. डीव्हीडी सासरी गेली, तिथं प्लेअर नव्हता म्हणून कपाटात पडली, आणि आमच्याकडची टेप पुढच्या लग्नाला वापरून टाकली, तशी पद्धतच होती. दिवाळीला मंजू दोन दिवस ती डीव्हीडी घेऊन आली, इरण्णानं तिच्या आणि ताईच्या फोनमध्ये फाइल घालून दिली.

आठवड्यानं ताईचा फोन. "तू माझ्या लेकीला धोंड म्हणालीस?"

फाइलीच्या शेवटाला बायकांची पंगत आहे. कॅमेरा ओळीवरनं हळूहळू सरकत माझ्यावर येतो. मी जेवतेय, तोंड हलतंय, आणि बाईचा दबका आवाज येतो, "गळ्यातली धोंड उतरली एकदाची." त्या फोनांत सगळ्या बायकांचा आवाज सारखाच, डब्यातनं बोलल्यासारखा. मंजूनं ते सासूबरोबर बसून ऐकलं होतं.

"ताई, मी वाढपिणीकडं जिलेबी मागत होते."

"फोनमध्ये तोंड दिसतंय की तुझं."

"आवाज मागं राहतो गं त्यात."

"तुझी जीभ जन्मभर सगळ्यांच्या पुढं आहे," ताई म्हणाली. "ती बरी मागं राहील."

मंजूनं मला फोन करणं सोडलं. संक्रांत गेली, उगादीचा पाडवा गेला. तिला दिवस गेलेले मला शेजारणीकडनं कळले. माझ्या मनात एकच नाव होतं, ताईची जाऊ सरोजा. ती त्या पंगतीत होती, तिला मंजूचं कधी बरं बघवलं नाही. एका बारशात मी तिला तोंडावर विचारलं.

"मी वाढत होते, बसले कुठं होते?" सरोजा म्हणाली. "आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात बांधू नका."

मला तिचं एक अक्षर खरं वाटलं नाही. रोज काउंटरवर बसून, सापडल्यावर सरोजाला काय काय सुनावायचं ते मी मनात जुळवत होते. पण फाइल खोटं बोलते हे दाखवायला मूळ डीव्हीडी पाहिजे होती, आणि ती गदगला. शेवटी मंजूच्या सासूलाच निरोप धाडला. "नागपंचमीला सून माहेरी येईल तेव्हा तिच्याबरोबर डीव्हीडी पाठवा. माझ्या तोंडाला काळं लागलंय, ते खरं की खोटं तेवढं बघायचंय."

* * *

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि मंजू सासूनं दिलेली डीव्हीडी घेऊन दुकानात आल्या. हे बाहेरगावी शूटिंगला. मंजूला सातवा महिना. मी स्टूल पुढं केलं, ती बसली नाही. दारात रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

"मला ते परत बघायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा आणि सांगा."

इरण्णानं कॉम्प्युटर बंद ठेवला. डिस्क सरळ प्लेअरमध्ये घातली, टीव्ही लावला. मी म्हटलं, "शेवटची पंगत."

बायकांची ओळ आली. कॅमेरा सरकत सरकत ताईवर आला. सकाळपासून उभी असलेली ताई त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसली होती. केस सुटलेले, पदर घामानं चिकटलेला. पानातल्या पुरीचा तुकडा मोडला, कुणाकडं न बघता तिचे ओठ हलले, आणि दुकानात सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली ती कुजबुज, "गळ्यातली धोंड उतरली एकदाची."

कॅमेरा पुढं सरकला. मी आले. "जिलेबी इकडं आण गं," मी म्हणाले, माझ्याच तोंडानं, माझ्याच आवाजात.

इरण्णानं रिमोट दाबला. चित्र थांबलं. तो माझ्याकडं बघायला लागला.

ताई टीव्हीकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिला हे आत्ता कळलं की वर्षभर ठाऊक होतं, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

दारातनं, मागं न वळता मंजू म्हणाली, "ऐकलं मी. बघितलंत ना? कोण बोललं?"

ताईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मी म्हटलं, "कुणी नाही गं. इथलं कुणीच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी लग्नातला आवाज तुझ्या डिस्कमध्ये येऊन बसलाय. आमच्या दुकानातली चूक आहे."

मंजू वळली. "कुणाची चूक?"

इरण्णा रिमोट धरून उभा होता. त्यानं ताईकडं बघितलं, मंजूच्या पोटाकडं बघितलं, आणि मला हळूच होकाराची मान हलवली.

मी म्हटलं, "इरण्णाची."