सुधीरदादा नुसता ऐकायला बसला नाही

नंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या स्टेशनवर उतरत होते. "सुधीर गेला गं सकाळी," एवढंच त्या म्हणाल्या. आणि लगेच, "रडायचं नंतर. आधी पबमध्ये कळव." नवरा गेल्यावर पहिला निरोप पबमध्ये धाडणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. गेल्या दीड महिन्यात आमच्या मराठी मंडळात यावरून बरंच बोललं गेलंय. बोलू देत.

सुधीरदादा मूळचा रत्नागिरीचा, र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आणि बासरी रीतसर शिकलेला. २००३ साली मी नोकरीसाठी इथे आले, तेव्हा पहिल्याच रविवारी दुपारी तो मला डेक्लनच्या आयरिश पबमध्ये घेऊन गेला. तिथे सेशन भरायचं... मैफल नव्हे. स्टेज नाही, समोर मांडलेल्या खुर्च्या नाहीत, कागदावर स्वरलिपी नाही. आठ-दहा जण टेबलाभोवती बसून एकच धून मिळून वाजवतात, दोन-तीनदा घोळवतात आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. ज्याला धून येत नाही त्याने गप्प बसायचं. दादाचा स्वतःचा पहिला दिवस तिथे अजून सांगितला जातो. धून संपता संपता त्याने सवयीने शेवटचा तुकडा तीनदा वाजवून झोकात तिहाई घेतली. बाकीचे केव्हाच पुढच्या धुनेत गेले होते आणि हा एकटा समेवर येऊन दादेची वाट बघत बसला! डेक्लन हसून हसून लाल झाला होता म्हणे. पण पुढच्या रविवारी दादा पुन्हा हजर.

मंडळात कुजबुज व्हायची, आपलं सोडून परक्यांच्या गुत्त्यात काय फुंकत बसतो! एकदा गणपतीत कुणीतरी तोंडावरच विचारलं. "आरतीलाही वाजवतो की," दादा म्हणाला, "तुम्हीच टाळ्या पुढे-मागे मारता."

मग कॅन्सर झाला. केमोने बोटं बधिर झाली. बासरीची भोकं नीट झाकली जाईनात, सुराऐवजी नुसती हवा फुसफुसायची. एका रविवारी डेक्लन जवळ येऊन म्हणाला, "हे बघ सुधीर, आज तू नुसतं ऐक." मायेनेच म्हणाला, पण मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे. वाजवणाऱ्या माणसाला कडेला बसवणं म्हणजे जिवंतपणी त्याचा तेरावा घालणं. दादाने बासरी टेबलावर ठेवली. "ऐकायला घरी सीडी आहेत," तो म्हणाला आणि तोंडानेच धून म्हणू लागला. आयरिश लोकांत ही जुनी रीत आहे. हाताशी वाद्य नसलं की बिनअर्थाच्या अक्षरांत धून म्हणायची. त्यावर लोक नाचतसुद्धा. फक्त दादाची अक्षरं आपली होती, तबल्याच्या बोलांची. सगळे क्षणभर बावरले. मग डेक्लनने आपलं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, उचललं आणि तो दादाच्या मागे मागे वाजवत गेला.

त्यानंतर सात महिने, डोक्यावर लोकरीची टोपी आणि खिशात गोळ्या घेऊन, दादाने एकही रविवार चुकवला नाही. धाप लागली की थांबायचा आणि दम खाऊन पुन्हा शिरायचा. विश्रांतीचा सल्ला द्यायला मंडळी घरी आली, तेव्हा वहिनींनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "घरी बसून कोण बरं झालंय?"

तो गेल्यानंतरच्या रविवारी डेक्लनने त्याच्या खुर्चीवर फोटो ठेवला, पुढे मेणबत्ती लावली. मला ते बघून भरून आलं. वहिनी आल्या, त्यांनी मेणबत्ती विझवली, फोटो उचलून पिशवीत टाकला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये डेक्लनला बजावलं, "वाजवणाऱ्याची जागा आहे ही. वाजवणारं कुणीतरी बसव."

आता त्या खुर्चीवर टपाल खात्यातून निवृत्त झालेली एक बाई अकॉर्डियन घेऊन बसते. हात थरथरतात तिचे. सूर चुकतात, ठेका तर दर रविवारी चुकतो... पण तिला नुसतं ऐकत बस म्हणायची तिथे आता कुणाची छाती नाही.