भामाचा न समजलेला रिपोर्ट

पनवेलच्या मासळी बाजारात भामा कोळणीकडची पापलेटं कल्ले उघडून बघणारं गिऱ्हाईक हमखास नवखं असायचं. माहीतगार माणूस नुसतं विचारायचा, "भामा, आज काय नेऊ?" एखाद्या मासळीची शंका आली की ती पाटीखाली ढकलायची. "ही नको नेऊ, माजा मन घेत नाय." जीभ तिखट, पण माल खरा.

अशा बाईला एकेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, केमो सगळं तिने निभावलं. केस गेले तशी डोक्याला रुमाल बांधून पुन्हा पाटीमागे येऊन बसली. "मला कोलंबीगत सोलली, पन भाव तोच हाय!" असं गिऱ्हाइकांना वर ऐकवायची.

तिची आईही याच आजाराने गेलेली, म्हणून डॉक्टरांनी रक्ताची जनुकीय तपासणी करायला लावली. २०१३ साली रिपोर्ट आला. एका जनुकात बदल सापडला होता, पण तो घातक की निरुपद्रवी, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. भामाने त्यातलं 'बदल सापडला' एवढंच ऐकलं. शंका आली की माल बाजूला, हा तिचा जन्माचा नेम. आणि लेकीचा, मोनालीचा साखरपुडा आठवड्यावर आलेला.

कुणाला न सांगता ती तडक उरणला होणाऱ्या विहिणीकडे, किशोरीकडे गेली.

"माज्या रक्तान खोट निघालीय. पोरीच्यापन असंल. मी शंकेचा माल कुनाला देत नाय. तुमी हितेशसाठी दुसरी बघा."

किशोरीने चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"खोट हाय, असा डॉक्टर बोलले?"

"बदल सापडला, असा बोलले."

"मंग उद्या मी येते तुज्यासंगती."

दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या समुपदेशक दिपिका मॅडमनी दोघींना समोर बसवलं. "या बदलाला आज दोष म्हणता येत नाही. त्यावरून काही ठरवायचं नाही, आणि त्यासाठी मोनालीचं रक्तही तपासायचं नाही. पण आईला, आजीला आजार झालाय, म्हणून तिने छातीची तपासणी वेळच्या वेळी करायची. पुढे काही कळलं तर आम्ही फोन करू."

"कदी?"

"ते आज नाही सांगता येत."

भामाला ते काही पटेना. मग किशोरीच म्हणाली, "जाल्यान कुनी न बघलेली मासली आली, तर तिला तू इखारी म्हनशील?"

"नाय. जानत्याला इचारीन."

"तेच चाललंय."

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. भामाची धाकधूक मात्र गेली नाही, रिपोर्ट तिने कपाटात साड्यांखाली ठेवला. किशोरी दरवर्षी सुनेला तपासणीला स्वतः घेऊन जायची, पण रिपोर्टचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

२०१८ साली दिपिका मॅडमचा फोन आला. तो बदल निरुपद्रवी ठरला होता, मोनालीच्या तपासण्या तेवढ्या चालू ठेवायच्या होत्या. भामाने पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट उचललं आणि उरणची एसटी धरली.

किशोरी ओट्यावर नातीला भात भरवत होती. "इहीनबाय, रिपोर्ट चांगला निगाला! खोट नव्हती!"

"कंचा रिपोर्ट?" किशोरीने विचारलं.

भामाला रडूच फुटलं. डॉक्टरांचे, देवाचे उपकार ती रोज मानायची, पण या बाईचे उपकार मानायला तिला शब्द सापडेनात. तिने नुसतं पापलेट पुढे केलं.

किशोरीने ते घेतलं आणि कल्ले न बघताच विळीवर धरलं.